बसलेलं घर

वऱ्हाडातली काळी जमीन म्हणजे कापसाची माय आणि घराची सावत्र माय. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि मग तिला अशा भेगा पडतात की खिशातली किल्ली आत पडली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचं नाव काढू नये. पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, हा खेळ मानवतो, घराला मानवत नाही. ही गोष्ट अमरावतीत कुणालाही विचारा, तो सांगेल. तारघरातल्या शेषरावलाही ती ठाऊक होती, कारण तो मूळचा दर्यापूरकडचा, याच मातीत लोळून मोठा झालेला. पण माणूस घर घ्यायला निघाला की त्याची अक्कल गावाला जाते. शेषरावची गेली ती बरीच वर्षं परतली नाही.

दीक्षा घेतल्याला वर्ष झालं होतं. शेषरावची आई केशरबाई गाव सोडून मुलाकडे राहायला आली होती, आणि भाड्याच्या खोलीत तिचा जीव रमत नव्हता. भिंतीत खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा. बुद्धाची तसबीर लावायची म्हटलं की मालकाच्या कपाळाला आठ्या. शेषरावने घरं पाहायला सुरुवात केली. पहिल्या मालकाने आडनाव विचारलं आणि त्याला एकदम आठवलं की घर भावाच्या नावावर आहे. दुसऱ्याने आडनावही विचारलं नाही, गाव विचारलं, गावात घर कोणत्या बाजूला ते विचारलं, आणि मग विकायचा विचारच रद्द झाल्याचं सांगितलं.

तिसरं घर नत्थुजींचं. नत्थुजी भातकुलीचे शेतकरी. बायको वारल्यावर अमरावतीतलं घर काढून शेतावर परत जायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी ना आडनाव विचारलं ना गाव. दसऱ्याच्या सुमाराला शेषराव, त्याची बायको ललिता आणि केशरबाई असे तिघं घर पाहायला गेले. चुना नवा कोरा मारलेला, वर छपराचे कवेलू नीट शाकारलेले, मागे परसातल्या सांदवाडीत कडुलिंब. नत्थुजींनी माळ्यापासून मोरीपर्यंत सगळं दाखवलं आणि शेवटी ओट्यावर उभं राहून, गळ्यातला दुपट्टा सारखा करत ते म्हणाले, "एक गोठ आंदीच सांगून ठेवतो, शेषराव. घर बसलेलं हाय, बरं का."

"मग तर चांगलंच आहे," शेषराव म्हणाला.

नत्थुजींनी त्याच्याकडे जरा वेळ टक लावून पाहिलं. मग त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सौदा झाला.

आता शेषराव असं का म्हणाला, ते सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला अगदीच वेडा समजाल. तारघरात नव्या माणसाचा हात यंत्रावर अडखळत असतो. टकटक करताना तो चुकतो, पलीकडचा माणूस शिव्या देतो. वर्ष-दोन वर्षांनी हात सरावला की मोठे बाबू सगळ्यांसमोर म्हणतात, "याचा हात बसला आता." तारघरात याच्याइतकी मोठी शाबासकी नाही. शेषरावने ती मिळवली होती आणि मिळाली त्या दिवशी तो घरी पेढे घेऊन गेला होता. त्यामुळे बसलेला हात तसं बसलेलं घर, म्हणजे मुरलेलं, जागेवर पक्कं झालेलं, असा त्याने सरळ अर्थ लावला. गावाकडे भिंत बसली म्हणजे काय झालेलं असतं, हे त्याच्या डोक्यात त्या क्षणी आलंच नाही. दहा वर्षं तारघरात काढली की माणूस आपली बोलीही तारघरातून ऐकतो.

पहिला उन्हाळा आला आणि पुढचं दार लागेना. चौकट वाकडी होऊन बसली. ललिता रात्री दाराला आतून पाटा लावून ठेवू लागली. मग ईशान्येच्या कोपऱ्यात भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली, तिच्यात आधी करंगळी जायची, मग अंगठा जाऊ लागला. एके दुपारी तिथला गिलावा धाडकन खाली आला आणि आतलं सगळं उघडं पडलं. कोपऱ्याचे दगड बाकीच्या भिंतीपेक्षा नवे होते. दोन्ही भिंतींना एकत्र धरून ठेवणारी लोखंडी पट्टी आरपार ठोकलेली होती. ती गंजलेली होती, म्हणजे हे दुखणं आजचं नव्हतं. कोपरा पूर्वी कधीतरी खचला होता, खालून पाया भरून पुन्हा उभा केला होता आणि वरून चुना मारून तोंड गोड करून ठेवलं होतं.

शेषरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सायकल काढली आणि भर उन्हात तो भातकुलीला गेला.

नत्थुजी घरासमोरच्या ओट्यावर बाजेवर बसले होते. त्याला पाहून त्यांचा चेहरा खुलला. बाजेवर सरकून त्यांनी जागा केली. "ये ये, शेषराव. उन्हाचा कुठी निंगाला? बस, पानी पे."

"मी बसाले नाही आलो," शेषराव गरजला. तारघरातली शुद्ध भाषा वाटेतच गळून पडली होती. "घराचा कोपरा खचला हाय. आंदी बी खचला होता. आतमंदी पट्टी निंगाली. तुमी मले काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं होतं ना," नत्थुजी म्हणाले. "म्या म्हटलं होतं, घर बसलेलं हाय."

"बसलेलं म्हंजे पक्कं!"

"बसलेलं म्हंजे बसलेलं," नत्थुजी गोंधळून म्हणाले. "दुसरं काय म्हनतेत त्याले?"

शेषरावला वाटलं, म्हातारा शब्दात खेळवतो आहे. मग त्याच्या तोंडून जे निघालं ते थांबवणं त्याला शक्य नव्हतं. "दुसऱ्या कोनाच्या गळ्यात मारता नाही आलं म्हनून आमच्या गळ्यात मारलं. आमी बुद्धाचे. आमाले घर देते कोन? हे जे भेटन थेच घेतीन, हे तुमाले ठाव होतं. चोर हाय तुमी. आजपासून तुमचं अन् तुमच्या घरच्या कोनत्याच मानसाचं तोंड पाहाचं नाही मले."

आजूबाजूच्या ओट्यांवरून माणसं उठून पाहू लागली. नत्थुजींनी पाण्याचा गडू तसाच हातात धरून ठेवला होता. शेषरावने सायकल वळवली.

घरी येऊन त्याने सगळा पाढा पुन्हा वाचला. नत्थुजी कसे लबाड, शब्दात कसं पकडतात, वगैरे. केशरबाई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "सांगतलं तं होतं त्यानं. मी तिथीच होती."

शेषराव बघतच राहिला. "तुले समजलं होतं? बसलेलं म्हंजे खचलेलं?"

"त्यात काय समजाचं हाय? आपल्या गावात दर साली कोनाचं ना कोनाचं घर बसे."

"मंग तू मले काहून नाही सांगतलं, माय?"

"तू म्हटलं ना, मंग तं चांगलंच हाय. मले वाटलं, तुले समजलं. शिकेल मानूस हाय, त्यानं काई इचार केला असन." तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. "मी म्हटलं, बसलेलं घर पुना बसत नसन, असं पुस्तकात लिवलं असन."

शेषरावने कपाळाला हात लावला. ललिता पदर तोंडाशी धरून मोरीत निघून गेली, आणि ती तिथे रडत नव्हती हे बाहेर चांगलं ऐकू येत होतं.

घर पाहावं बांधून म्हणतात. विकत घेऊन पाहावं असं कुणी म्हणत नाही, कारण ज्यांनी घेतलं ते बोलायच्या अवस्थेत नसावेत. पुढची वर्षं शेषरावने दर उन्हाळ्यात भेगा भरल्या आणि दर पावसाळ्यानंतर त्या गायब झाल्या. हेच तर सगळ्यात चीड आणणारं होतं. जमीन भिजून फुगली की कोपरा वर उचलला जायचा, भेग अशी मिटायची की जणू कधी नव्हतीच, आणि त्याने उन्हाळ्यात भरलेला चुना दाबून बाहेर फेकला जायचा. केशरबाईने भेगांना नद्यांची नावं दिली. कोपऱ्यातली मोठी ती पूर्णा आणि खिडकीखालची लहान ती पेढी. "आपली पूर्णा उलटी हाय," ती शेजारणींना कौतुकाने सांगायची, "नदीची पूर्णा पावसाळ्यात भरते, आमची उन्हाळ्यात."

मग शेषरावला विम्याची अक्कल सुचली. तारघरात कुणीतरी म्हणालं की मोठ्या शहरात घराचासुद्धा विमा असतो. त्याने ओमप्रकाश नावाच्या एजंटला घरी बोलावलं. ओमप्रकाश आला, चहा प्याला, भिंतीवर टिचक्या मारल्या आणि सरळ मुद्द्यावर आला. "बाबूजी, मकान पहले कभी बैठा था क्या?"

शेषराव काही बोलायच्या आत आतून केशरबाईचा आवाज आला. "हाव, बैठा था ना! दो बार बैठा था!" तिला हिंदी येत नाही असं कुणी म्हणू नये. लागेल तेवढी येत होती आणि नको तेव्हा येत होती.

ओमप्रकाशने हात जोडले. आग लागली तर कंपनी देईल, म्हणाला, वीज पडली तर देईल, दंगा झाला तरी जादा हप्ता भरून सोय करता येईल, "लेकिन मकान बैठ गया, तो कंपनी भी बैठी रहेगी." आणि बोलण्यात असा तरबेज, की जाताना शेषरावच्या गळ्यात आगीचा विमा बांधून गेला. दगड-मातीच्या भिंतींचं ते घर, एवढी वर्षं त्यात चुलीबाहेर कधी ठिणगी पडली नव्हती. ललिता म्हणाली, "आता घराला रोज सकाळी समजावून सांगा, बाबा रे, बसू नको, जळ." केशरबाईचं मत असं पडलं की एकदा आग लावूनच टाकावी. तेव्हा शेषरावने तिला पंचशीलातलं चौथं शील ऐकवलं, मुसावादा वेरमणी. खोटं बोलायचं नाही. पुढे हेच शील त्याच्यावर उलटणार होतं.

अशात शेषरावची अकोल्याला बदली झाली, आणि गंमत संपली.

आई, बायको आणि चार वर्षांची मुलगी अमरावतीत, तो अकोल्यात एका खोलीत, स्टोव्हवर शिजवलेले अर्धे कच्चे बटाटे खात. घर विकल्याशिवाय अकोल्यात दुसरं घेता येत नव्हतं. कुलूप लावावं तर दार लागत नव्हतं, भाडेकरू ठेवावा तर मग घर त्याचंच. दर शनिवारी पॅसेंजरने बडनेरा, तिथून अमरावती, आणि रविवारी संध्याकाळी परत. एकदा पोरीने दारातच विचारलं, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" पाहुण्याला विचारावं तसं तिने सहज विचारलं होतं. त्याला इतकं लागलं की गाडीत अकोल्यापर्यंत चाकांच्या आवाजातही त्याला तोच प्रश्न ऐकू येत होता.

घर विकायचं काम देवराव दलालाकडे दिलं. देवराव गिऱ्हाईक आणायचा आणि केशरबाई ते घालवायची. शेषरावने शहाबादी फरशीचं कौतुक सुरू करावं, तोवर म्हातारी गिऱ्हाइकाच्या बायकोला हाताला धरून कोपऱ्यात न्यायची. "हे आमची पूर्णा. बोट घाला ना. घाला, घाला, काई नाही होत." गिऱ्हाईक बोट घालायचं आणि बोटाबरोबर पायही काढून घ्यायचं. शेषराव चिडला की ती शांतपणे म्हणायची, "दर रविवारी विहारात म्हनतो ना आपन, मुसावादा वेरमनी? का थे फक्त विहारातच म्हनाचं?" दोन वर्षं अशी गेली. शेषरावच्या अंगावरचा शर्ट सैल झाला आणि देवरावने शेवटी त्याला बाजूला घेतलं.

"बाबू, तुमी उन्हाळ्यात घर दाखवून राहिले, इथीच चुकते," देवराव म्हणाला. "भादव्यात दाखवा. जमीन फुगेल राहते, भेगा मिटेल राहतेत. वरून चुन्याचा एक हात द्या. अन् आईले म्हना, त्या दिवशी तोंड उघडू नोका."

शेषरावने आईला सांगितलं. भांडून नव्हे, अगदी हात जोडून. पोरीचं बोलणंही सांगितलं.

"मी एक शबद नाही बोलत," केशरबाई म्हणाली. "पन मंग तू सांगजो. लय पाल्हाळ नोको लावू. घर बसलेलं हाय, एवढं म्हन. बस. मंग माह्या जिवाले काई नाही."

शेषराव मान डोलवणार, इतक्यात त्याच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. घर बसलेलं आहे. हे खरंच होतं. यात खोटं कुठे होतं? नत्थुजींनी हेच सांगितलं होतं आणि त्याने घर घेतलं होतं. हे वाक्य म्हटल्याने शीलही मोडत नव्हतं आणि गिऱ्हाईकही. "सांगतो, माय," तो म्हणाला. "नक्की सांगतो." गाडीत त्या रात्री त्याला हसू येत होतं, आणि त्या हसण्याची थोडी शरमही वाटत होती, पण पोरीचा चेहरा आठवून त्याने ती दाबून टाकली.

भाद्रपदातल्या एका रविवारी देवराव सत्यभामाबाईंना घेऊन आला. त्या मुलींच्या शाळेत मोठ्या बाई होऊन आल्या होत्या, मूळच्या साताऱ्याच्या. म्हातारे वडील सोबत राहत होते, आणि आयुष्यभराची शिल्लक घालून आता स्वतःचं घर घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. घर असं दिसत होतं की शेषरावलाच मोह पडावा. पूर्णा गुप्त झालेली, पेढी गुप्त झालेली, दार लोण्यासारखं लागत होतं. केशरबाई उंबऱ्याशी तोंडावर बोट ठेवून बसली होती, अगदी खरोखर बोट ठेवून.

बाईंनी खोल्या पाहिल्या, विहिरीचं पाणी चाखलं आणि विचारलं, "घराबद्दल काही सांगण्यासारखं आहे का?"

शेषरावने एकदा आईकडे पाहिलं. मग घसा साफ करून तो म्हणाला, "आहे ना. घर बसलेलं आहे."

"वा," बाई म्हणाल्या. "हे महत्त्वाचं. नव्या घरांचं काही खरं नसतं. मुली शाळेत येतात तेव्हा त्यांचं अक्षर असंच धावतं, वर्षभराने हात बसला की मग कसं छान स्थिर होतं."

देवरावने खुशीने डोळे मिटले. बाई ईशान्येच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. "वडिलांची खाट इथे ठेवता येईल. खिडकीतून सकाळचं ऊन येईल त्यांना. त्यांना उठवत नाही आता फारसं." त्यांनी हात भिंतीवर ठेवला, बरोबर पूर्णेवर. "उद्या मी पैशाचं बघते, मंगळवारी कागद करू."

शेषरावला पोरगी अकोल्यात दिसू लागली. शाळेत जाताना, संध्याकाळी दारात वाट पाहताना. तो पाणी आणायला आत गेला, तशी केशरबाईही उठून त्याच्या मागोमाग आली. तिचे डोळे भरून आले होते.

"सांगतलं माह्या लेकानं," ती हळूच म्हणाली आणि त्याच्या गालावरून हात फिरवला. "खरं बोलून बी घर इकलं. आता एक कर. त्या नत्थुजीले चोर म्हनू नोको. त्यानं बी तुले असंच सांगतलं होतं."

शेषरावच्या हातात पेला होता. तो त्याने मांडणीवर परत ठेवला. असंच? असं कुठे होतं ते? नत्थुजींनी म्हटलं तेव्हा त्यांना वाटत होतं की ऐकणाऱ्याला समजतंय. आणि आपण म्हटलं तेव्हा आपल्याला पक्कं ठाऊक होतं की समजणार नाही. शब्द तेच होते. चोर मात्र आता कुठे घरात आला होता. एवढी वर्षं ज्या म्हाताऱ्याच्या नावाने बोटं मोडली त्याच्या तोंडातलं खरं वाक्य उचलून आपण त्याचं खोटं केलं, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

तो बाहेर गेला. सत्यभामाबाई अजून कोपऱ्यातच होत्या.

"बाई," तो म्हणाला, आणि पुढचं त्याच्या तोंडून घरच्या बोलीतच निघालं. "बसलेलं म्हंजे खचलेलं. हा कोपरा आंदी खचला होता, पाया भरून उभा केला. मंग माह्या वेळेस पुना खचला. आत पट्टी हाय. उन्हाळ्यात इथी हात जाईन एवढी भेग पडते. बाबांची खाट इथी नोका ठेवू."

बाईंनी भिंतीवरचा हात काढून घेतला. देवराव डोक्याला हात लावून ओट्यावर जाऊन बसला.

"मग आधी 'बसलेलं आहे' म्हणालात ते?" बाईंनी विचारलं. "मी त्याचा काय अर्थ घेतला ते तुम्हाला दिसत होतं. म्हणजे तुम्ही मला फसवत होतात."

"हो," शेषराव म्हणाला.

"आणि तुम्हालाही हे घर असंच फसवून विकलं असेल कुणीतरी."

"नाही," शेषराव म्हणाला. "मले सांगतलं होतं."

बाई बाहेर थांबलेल्या टांग्यात जाऊन बसल्या. टांगा गल्लीच्या वळणाला गेला. देवराव त्याच्या मागे धावला आणि मग धावायचं सोडून आपल्या घरी निघून गेला. आतून केशरबाई ओरडत होती, "काय झालं? सांगतलं तं होतं!" ललिता दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "आता?"

"येतो," म्हणून शेषरावने सायकल काढली.

भातकुलीच्या रस्त्यावर चिखल होता. सायकल अर्धा रस्ता हातात धरून न्यावी लागली, आणि काळ्या मातीने चाकं, चप्पल, धोतर सगळं माखून टाकलं. ही माती माणसाचा पाय धरते तेव्हा सोडत नाही आणि घराचा धरायचा तेव्हा धरत नाही, असं काहीबाही पुटपुटत तो पोचला. नत्थुजी त्याच ओट्यावर, त्याच बाजेवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. आता त्यांना कमी दिसत होतं. त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"कोन? शेषराव?" त्यांचा हात थांबला. "घर पडलं काय?"

"नाही पडलं." शेषराव अंगणातच उभा राहिला. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलं. "तुमी मले सांगतलं होतं. घर बसलेलं हाय म्हनून. मलेच नाही समजलं. मले वाटलं, बसलेलं म्हंजे पक्कं. अन् म्या तुमाले चोर म्हटलं. जातीवरून घर गळ्यात मारलं म्हटलं. साऱ्या गावासमोर."

नत्थुजींनी मान वर केली.

"तुले समजलंच नव्हतं?" ते म्हणाले. "अरे बाप्पा. तुह्या आंदी किती लोकं येऊन गेले. बसलेलं म्हटलं का पाय काढता घेत. तूच एक भेटला, आयकून म्हने, मंग तं चांगलंच हाय! म्या घरी येऊन पोराले, खुशालले, सांगतलं, मानूस पाहावा तं असा, काय छाती हाय." ते हसायला लागले, हसता हसता त्यांना खोकला आला. "अन् तुले समजलंच नव्हतं!"

शेषरावलाही हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "घर इकाले काढलं हाय. दोन सालापासून. अकोल्याले बदली झाली. कोनी घेत नाही."

"मालूम हाय. खुशाल बी दोन सालापासून अमरावतीत घर पाहून राहिला. कापसाच्या जिनिंगमंदी लागला ना थो, पोट्ट्यांची शाळा तिथीच हाय."

"मंग माह्याकडं काहून नाही आला?" शेषराव ओरडलाच.

"कसा येईन? तूच म्हटलं होतं, घरच्या कोनत्याच मानसाचं तोंड पाहाचं नाही."

शेषरावने डोकं दोन्ही हातांनी धरलं. दोन वर्षं! दोन वर्षांच्या पॅसेंजर, कच्चे बटाटे, देवरावचे चहा, पोरीचा तो प्रश्न. आणि गिऱ्हाईक इथे, एका सायकलीच्या अंतरावर, त्याने हाक मारायची वाट पाहत बसलेलं. रडावं की हसावं की कुणाला तरी हाणावं, हे त्याला कळेना. हाणायला लायक माणूस त्या अंगणात एकच होता.

"पन नत्थुजी," थोड्या वेळाने तो म्हणाला, कारण आता सांगायचं सोडायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, "घर बसलेलं हाय."

"मले सांगतं काय? थो कोपरा म्याच उभा केला. खुशाल तवा पाट्या टाकू लागे." नत्थुजींनी दोर बाजूला ठेवला आणि आत तोंड करून पाण्यासाठी हाक मारली. मग ते बाजेवर सरकले. "अन् तू उभा काहून हायस? तवा बी उभाच होता. बस."

शेषराव बसला.